यक्ष, जिन्न आणि खोडदच्या दुर्बिणी : वाचनालयात विज्ञानकथा शोधताना

जुलैतल्या एका शनिवारी शाळा सुटायच्या वेळी आठवीतल्या एका मुलीचे अब्बू आम्हाला भेटायला आले. नारायणगावच्या टोमॅटो मार्केटला पिकअप चालवतात. माणूस साधा, पण मुलीच्या तालीमच्या बाबतीत जागरूक. हातात वाचनालयाचा शिक्का असलेलं पुस्तक होतं. म्हणाले, "सर, पोरगी आठवीत गेली आणि जिन-भुतांची पुस्तकं घरात आणायला लागली. अम्मी नाराज आहेत. तुम्ही समजवा, नाहीतर मी ते कार्डच बंद करतो."

पुस्तक होतं जयंत नारळीकरांचं 'यक्षांची देणगी'.

आम्हाला हसू येत होतं, ते आवरलं. कारण त्यांच्या बाजूने पाहिलं तर त्यांचं काही चुकलं नव्हतं. यक्ष म्हणजे जिन्नासारखं काहीतरी, एवढं त्यांना ठाऊक. पुस्तक उघडून पाहायला वेळ नाही, आणि उघडलं असतं तरी मराठी भराभर वाचायची सवय नाही. घरात दादीने विचारलं, "ये यक्ष-फिक्ष क्या होता बेटा?" मुलीला धड सांगता आलं नाही. झालं, पुस्तक गुन्हेगार ठरलं. प्रत्यक्षात हा १९७९ सालचा कथासंग्रह एका खगोलशास्त्रज्ञाने लिहिलेला आहे आणि त्यात भुतंखेतं नाहीत, विज्ञान आहे.

आमची काळजी दुसरीच होती. ही मुलगी सातवीपर्यंत उर्दू माध्यमात शिकली. आठवीत मराठी माध्यमात आली तेव्हा इतिहासाचा एक परिच्छेद वाचताना चारदा अडखळायची, आणि वर्गात हसतील म्हणून हात वर करायची नाही. आपल्या किती घरांत हे घडतं ते आपण जाणतो. आठवी ते दहावी या तीन वर्षांत मराठी पक्की झाली नाही तर बऱ्याच मुली हळूच शाळेतून बाहेर पडतात. कारण मात्र 'घरचं काम' असं लिहिलं जातं. कुणी न सांगता, स्वतःच्या मनाने या मुलीने आणलेलं हे पहिलं मराठी पुस्तक. ते कार्ड बंद होऊ देणं आम्हाला परवडणारं नव्हतं.

आणि एक कबुली द्यायला हवी. दहा-बारा वर्षांपूर्वी आम्हीच एका मुलाच्या दप्तरातून नारायण धारपांची भयकथा काढून घेतली होती. "अभ्यास कर, हे काय वाचतोस?" म्हणून टेबलाच्या खणात टाकली. पुस्तक वाचनालयाचं, दंड त्याच्या घरच्यांनी भरला. तो मुलगा पुन्हा वाचनालयाकडे फिरकला नाही. म्हणून या वेळी त्या अब्बूंना आम्ही म्हटलं, "बसा, चहा घेऊ. या पुस्तकांत किती प्रकार असतात ते सांगतो." तेव्हा जे सांगितलं आणि पुढच्या महिन्यात मुलांना घेऊन गावातल्या वाचनालयात जे शोधलं, तेच इथे लिहीत आहोत.

कपाट कुठलं?

महाराष्ट्रात १९६७ सालच्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याप्रमाणे शासनमान्य वाचनालयांना अ, ब, क, ड असे दर्जे आहेत आणि त्यानुसार अनुदान मिळतं. छोट्या गावातल्या वाचनालयात कपाटांवर चिठ्ठ्या असतात : कादंबरी, कथा, चरित्र, प्रवासवर्णन, धार्मिक, बालविभाग. 'विज्ञानकथा' अशी चिठ्ठी आम्हाला आमच्या वाचनालयात सापडली नाही. फँटसीची तर नाहीच.

त्यामुळे एकाच लेखकाची पुस्तकं चार ठिकाणी विखुरलेली असतात. नारळीकरांची कादंबरी कादंबऱ्यांत, कथासंग्रह कथांत, खगोलावरचं पुस्तक विज्ञानात, आत्मचरित्र चरित्रांत. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न बालविभागात खालच्या फळीवर, बहुधा पाठकोरा झालेला. मूल कपाटाची चिठ्ठी वाचून शोधायला गेलं तर हात हलवत परत येणार. लेखकाचं नाव घेऊन ग्रंथपालांना विचारलं तर मात्र पाच मिनिटांत ढीग समोर येतो. मुलांना सोबत नेताना तीन-चार नावं कागदावर लिहून न्या : जयंत नारळीकर, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, लक्ष्मण लोंढे, शुभदा गोगटे. जुने दिवाळी अंकही मागा. विशेषतः 'नवल'चे गठ्ठे कुठेतरी वर बांधून ठेवलेले असतात आणि त्यांत अशा गोष्टी हमखास निघतात.

एक नियम बदलायचा

आता प्रकार. मुलांना आम्ही एकच प्रश्न विचारायला शिकवलं : या लेखकाने आपल्या दुनियेतला कोणता नियम बदलला, आणि तो बदल कशाच्या जोरावर केला?

विज्ञानाच्या जोरावर केला, म्हणजे आज ठाऊक असलेल्या विज्ञानातून एक पाऊल पुढे टाकून, तर ती विज्ञानकथा. विज्ञानाला न विचारता वेगळी दुनियाच उभी केली, जादू, परी, बोलणारी झाडं, तर ती अद्भुतकथा, म्हणजे फँटसी. आणि बदल फक्त घाबरवण्यासाठी असेल तर ती भयकथा. धारपांची 'लुचाई' घ्या. अमेरिकेतल्या स्टीफन किंगच्या कादंबरीवरून बेतलेली, पण वाचताना ते गाव आपलंच वाटतं. तिथे विज्ञान शोधू नये. (आमचं मत विचाराल तर धारप दहावीनंतर. रात्री दिवा लावून झोपणारी मुलं आम्ही पाहिली आहेत.)

विज्ञानकथेच्या पोटात पुन्हा पुष्कळ घरं आहेत. काहींत विज्ञान अगदी काटेकोर असतं. नारळीकरांची पहिली विज्ञानकथा 'कृष्णविवर' तशी. कृष्णविवराच्या जवळ काळ हळू चालतो हा आइन्स्टाइनच्या सिद्धांतातून निघणारा निष्कर्ष, त्यावर ती उभी आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ती पाठवली तेव्हा परीक्षकांवर नावाचा दबाव पडू नये म्हणून स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी केली आणि 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं! वर्गात हा किस्सा सांगितला की पुस्तकाला मागणी येतेच. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले. त्या आठवड्यात वाचनालयात त्यांचं एकही पुस्तक जागेवर नव्हतं असं ग्रंथपाल सांगत होते.

दुसरं घर 'असं झालं असतं तर' या इतिहासाचं. नारळीकरांच्याच 'गंगाधरपंतांचे पानिपत' मध्ये इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत पुण्याहून रेल्वेने मुंबईला निघतात आणि अशा दुनियेत पोचतात जिथे १७६१ ची पानिपतची लढाई मराठे जिंकलेले आहेत. विश्वासरावांना लागायची ती गोळी चाटून गेली, एवढाच फरक. तेवढ्यावरून सगळा हिंदुस्थान बदलतो, पण मुंबईत कंपनी सरकार अजून ठाण मांडून आहे. हीच कथा इंग्रजीत सीबीएसईच्या अकरावीच्या पुस्तकातही आहे.

आमच्या मुलांना हा प्रकार सगळ्यात आवडला, कारण जुन्नरमध्ये राहून तो खेळता येतो. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला आणि काही काळ राजधानी जुन्नरला होती. पुढे ती इथून हलली आणि त्याने वसवलेलं खडकी म्हणजे नंतरचं औरंगाबाद मोठं झालं. राजधानी इथेच राहिली असती तर? ज्या शिवनेरीवर १६३० मध्ये शिवाजी महाराजांचा जन्म झाला, तिच्या पायथ्याशी कसं शहर असतं? एका मुलाने लिहिलं की जुन्नरचा हातकागद अजून चालू असता आणि पुस्तकं त्यावरच छापली गेली असती. त्याच्या खानदानात कागदी होते, म्हणून त्याला सुचलं. जुन्नरी कागद एकेकाळी नावाजलेला होता आणि तो करणारे कागदी मुसलमानच होते, हे वर्गातल्या निम्म्या मुलांना त्याच दिवशी कळलं.

तिसरं घर यंत्रमाणसांचं. 'रोबो' हा शब्दच मुळी कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकातून आला. 'वामन परत न आला' मध्ये पुरातन, आपल्याआधी होऊन गेलेल्या संस्कृतीचा ठेवा जमिनीखाली सापडतो आणि त्यातून माणसाला डोईजड होणारं यंत्र तयार होतं. मोबाईलमधल्या एआयशी गप्पा मारणाऱ्या मुलांना ही कादंबरी आता जास्त कळते, असा आमचा अनुभव. अंतराळातल्या साम्राज्यांच्या लढाया हे आणखी एक घर, मोठ्या मुलांचं. 'ड्यून' सिनेमा पाहून आलेला एक माजी विद्यार्थी विचारत होता की त्यात 'महदी', 'लिसान अल-गैब' हे शब्द कसे? फ्रँक हर्बर्टने १९६५ च्या त्या कादंबरीत वाळवंटातली माणसं उभी करताना अरबी शब्द मोकळ्या हाताने उचलले आहेत. आवडो न आवडो, आपल्या शब्दांचं कुणी काय केलं हे वाचूनच कळतं.

आणि एक घर आहे ज्याच्या दारावर आपल्यातल्याच एका बाईचं नाव हवं. रुकैया सखावत हुसैन, बंगालच्या. १९०५ मध्ये त्यांनी 'सुलतानाज ड्रीम' ही इंग्रजी कथा लिहिली आणि ती मद्रासच्या एका स्त्रियांच्या मासिकात छापून आली. त्यात एक देश आहे जिथे बायका राज्य चालवतात, विद्यापीठातल्या बायका सूर्याची उष्णता साठवतात, ढगांतून पाणी काढून घेतात, हवेतून गाडी चालवतात आणि पुरुष घरात 'मर्दान्यात' बसलेले असतात. शत्रूचं सैन्य येतं तेव्हा सूर्याच्या साठवलेल्या उष्णतेने त्याला पळवून लावतात. घराघरावर सोलर बसण्याच्या शंभर वर्षं आधी! पुढे १९११ मध्ये याच बाईंनी कोलकात्यात मुस्लिम मुलींची शाळा चालवली. मुलींना आम्ही कथा मराठीत तोंडी सांगितली. मागच्या बाकावर इतकं हसू झालं की शेजारच्या वर्गातून निरोप आला.

खोडदला जाऊन आलो

परग्रहावरून संदेश येण्याच्या कथा हा प्रकार पुस्तकातून शिकवण्यापेक्षा आपल्या तालुक्यात दाखवता येतो. नारायणगावहून पुढे खोडदला जी जीएमआरटी आहे, ती मीटर लांबीच्या रेडिओलहरी टिपणारी जगातली एक मोठी दुर्बीण. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांतल्या १४ मध्यभागी सुमारे एक किलोमीटरच्या परिसरात, आणि १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फांद्यांवर २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. सगळ्या मिळून एकच दुर्बीण म्हणून काम करतात.

मुलांचा पहिला प्रश्न : सर, ही तर नुसती जाळी आहे, यातून सगळं गळून जाणार नाही का? उत्तर सोपं. लहर जाळीच्या भोकापेक्षा पुष्कळ मोठी असेल तर तिला जाळी भिंतीसारखीच. इथे लहरी मीटरच्या मापात, भोकं छोटी. जाळीमुळे वजन कमी, वारा आरपार जातो आणि खर्च वाचतो. दुसरा प्रश्न : इथेच का? कारण दूरच्या ताऱ्यांकडून येणारा संकेत अतिशय क्षीण असतो. शहराचा, मोबाईलचा, यंत्रांचा रेडिओ-गोंगाट जवळ असला तर तो त्यात बुडून जातो. म्हणून तिथे मोबाईल बंद ठेवायला लावतात. २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने ती लोकांना पाहता येते, शाळा-कॉलेजांची प्रदर्शनंही लागतात. आम्ही तेव्हाच गेलो होतो.

तिथे शास्त्रज्ञ परग्रहवासीयांशी गप्पा मारत नाहीत. हायड्रोजनचे ढग, स्पंदन तारे, दूरच्या आकाशगंगा यांचा अभ्यास करतात. कथा तिथून पुढे सुरू होते : एखाद्या रात्री या तबकड्यांना असा संकेत आला की जो कोणत्याच ताऱ्याचा नाही, तर? खरं कुठे संपलं आणि कल्पना कुठे सुरू झाली, त्या जागेवर मुलांना बोट ठेवता आलं. ते त्या मुलीच्या अब्बूंनाही आलं. रोज टोमॅटो घेऊन त्याच भागातून जातात, पण हे काय आहे ते कुणी सांगितलं नव्हतं.

दादीजानचं कपाट

राहिला जिन्नाचा प्रश्न, आणि तो आम्ही टाळणार नाही. बऱ्याच घरांत विचारतात : जादू-परीच्या गोष्टी मुलांनी वाचाव्यात का? अकीद्याला धक्का लागतो का? आम्ही आलिम नाही. मसला त्यांना विचारावा. मास्तर म्हणून एवढं सांगू शकतो की कुरआनमध्ये जिन्नांच्या नावाची एक सूरह आहे, आणि चिरागातून निघून महाल बांधणारा जिन्न ही गोष्ट आहे. या दोन्हींतला फरक मुलाला घरात सांगितला गेला असेल तर ते गोंधळत नाही. सांगितला नसेल तर पुस्तक नसलं तरी मोबाईल आहेच.

शिवाय हे सगळं बाहेरून आलेलं नाही. लखनौच्या नवल किशोर प्रेसने दास्तान-ए-अमीर हमज़ा ४६ जिल्दांमध्ये छापली. 'तिलिस्म-ए-होशरुबा' त्यातलाच भाग. तिलिस्म म्हणजे जादूगाराने बांधलेली दुनिया. तिला स्वतःचे कायदे असतात, ती कशी तुटेल हे एका लौहेवर लिहिलेलं असतं आणि तोडणारा ठरलेला असतो. आजची जाडजूड इंग्रजी फँटसी याच पायावर उभी राहते : दुनिया बनवा, तिचे कायदे ठरवा आणि मग ते स्वतः पाळा. उमरो अय्यारची झंबील, जिच्यात सगळं काही मावतं, ती ज्याने ऐकली आहे त्याला हॅरी पॉटरमधली पिशवी नवी वाटत नाही. अलिफ लैलामध्ये तर किल्ली फिरवली की उडणारा लाकडी घोडा आहे. त्याला जादू म्हणायचं की यंत्र? आमच्या मुलांनी त्यावर अर्धा तास वाद घातला. अल-जज़रीने १२०६ मध्ये चालत्या-हलत्या यंत्रांचं पुस्तक लिहिलं, त्यात हत्तीच्या आकाराचं घड्याळ आहे, हे सांगितल्यावर 'यंत्र' वाले जिंकले.

अलिफ लैला मराठीतही जुनीच आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी तिचं भाषांतर सुरू केलं आणि विष्णुशास्त्रींनी ते पुरं केलं. आपल्याकडच्या उर्दू आणि मराठी कपाटांत एवढं अंतर नाही, जेवढं आपण धरून चालतो. ज्या घरात इब्ने सफ़ीचे इमरान वाचले गेले, त्या घरात झिरोलँडचे शास्त्रज्ञही येऊन गेलेले आहेत. फक्त त्याला विज्ञानकथा असं कुणी म्हटलं नाही.

या वाचनाचा एक फायदा आमच्या ध्यानीमनी नव्हता. एकदा वर्गाच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला, अमक्या रात्री अंतराळातून किरणं येणार, मोबाईल जवळ ठेवू नका. आधी अशा फॉरवर्डवर पंचवीस अंगठे येत. या वेळी एका मुलाने लिहिलं, "ही विज्ञानकथा आहे का बातमी? लेखकाचं नाव नाही." खाली कुणी अंगठा दिला नाही.

पालकांसाठी थोडं व्यवहाराचं. कार्ड मुलाच्या नावाने काढा, अनामत आणि वर्गणी आधी विचारून घ्या, पुस्तक परत करायची तारीख कॅलेंडरवर लिहा. पाचवी-सहावीला भागवतांचा ज्यूल व्हर्न, आठवीपासून नारळीकरांच्या कथा, कादंबऱ्या त्यानंतर. मराठी अडत असेल तर रोज एकच पान, पण मोठ्याने. शब्द अडला की उर्दूत अर्थ सांगून पुढे जा, तिथे थांबून शुद्धलेखन घेऊ नका. आणि पुस्तक नापसंत वाटलं तर आधी मुलालाच त्याची गोष्ट सांगायला लावा.

त्या मुलीचं कार्ड चालू आहे. आता इशानंतर ती दादीला मोठ्याने वाचून दाखवते, अडली की दादीच उर्दू शब्द पुरवते. मागच्या आठवड्यात 'हिमप्रलय' झाली. ज्वालामुखीची धूळ सूर्याला झाकते, हिमयुग येऊ लागतं आणि मुंबईत बर्फ पडतो, अशी ती कथा आहे. मुलगी शाळेत येऊन आम्हाला म्हणाली, "सर, दादी पूछ रही थी, मुंबई में बरफ गिरा तो झोपडपट्टी के लोग कहाँ गए? वो किताब में क्यों नहीं लिखा?" ग्रंथपालांना आम्ही झोपडपट्टीतली माणसं असलेली एखादी विज्ञानकथा मराठीत आहे का, ते शोधायला सांगितलं आहे.